मोडण्यापूर्वी विचारावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्धापनदिनाला तुम्ही जुन्या वस्तू आणि जुनी नाती यांवर चार शब्द बोला." त्या हे सांगत होत्या तेव्हा मी अंगणात भंगारवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करीत होते. त्याच्या गाडीवर आमची जुनी इस्त्री, एक पाय गेलेली लोखंडी खाट आणि गंजलेला खलबत्ता चढलेला होता. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देतात तसे हे झाले. मी नाही म्हणणार होते, पण एक गोष्ट पुष्कळ दिवस मनात होती. ती सांगायला हे बरे निमित्त मिळाले म्हणून कबूल झाले. मला तोंडी बोलण्याची सवय नाही. लिहून आणले आहे ते वाचते.

आधीच सांगून टाकते, "जुने ते सोने" असे काही मी म्हणणार नाही. जुने सगळे सोने असते तर आपल्या आयांचे डोळे चुलीच्या धुराने गेले नसते. पहाटे उठून पायलीभर दळण दळणे किंवा उन्हाळ्यात आडावरून वीस खेपा पाणी आणणे हेही जुनेच होते, आणि ते गेले याचे मला काडीचे दुःख नाही. मुलीला सातवी झाली की पुरे, हेही जुने वळण. माझी शाळा त्याच वळणावर सुटली. माझ्या मुलीपर्यंत ते मी येऊ दिले नाही. तेव्हा गॅस, मिक्सर, नळ, मुलींचे कॉलेज यांच्याविरुद्ध मी बोलते आहे असे कोणी समजू नये. पाट्यावरच्या चटणीची चव न्यारी असे सांगणारे पुरुष स्वतः पाट्याशी बसलेले मी तरी पाहिले नाहीत.

पण हल्ली दुसरेच एक सुरू झाले आहे. जुने गैरसोयीचे आहे म्हणून आपण टाकीत नाही, नुसते जुने आहे म्हणून टाकतो. गेल्या वर्षी घेतलेली कढई चांगली चालते आहे, पण दुकानावर "जुने द्या, नवे घ्या" अशी पाटी लागली की हात शिवशिवतात. पूर्वी दारावरून जे आवाज जात ते आठवून पाहा. कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराचा तो पांढरा धूर नाकात जायचा, आणि काळवंडलेले पातेले कापसाच्या बोळ्याने फिरवता फिरवता आतून चांदीसारखे होऊन निघायचे. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवले तर ते कळकते, म्हणून त्याची वाट पाहावी लागे. जात्याला टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, छत्री दुरुस्त करणारा यायचा. ही सगळी जुनी वस्तू पुन्हा चालती करून देणारी माणसे होती. आता दारावर येतो तो जुने घेऊन जाणारा. घासाघीस आपण तेव्हाही करीत होतो, आताही करतो, पण तेव्हा वस्तू घरात राहत असे.

असो. मला सांगायची ती गोष्ट भांड्यांची नाही. ती चांदीच्या गोठांची आहे आणि त्यात चूक माझी आहे. ज्यांच्या बाबतीत ती चूक झाली त्या आमच्या काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण माझं वय जास्तीचं नको सांगू."

आमच्या सासूबाई २०१९ साली गेल्या. जाण्याआधी महिनाभर त्यांनी मला जवळ बोलावून एका फडक्यात बांधलेले दोन गोठ दिले. भरीव, बोटाएवढे जाड, घासून घासून नक्षी पुसट झालेले. वजन दोन्ही मिळून बावीस तोळे. देताना म्हणाल्या, "सांभाळ बाई, हे नुसते आपले नाहीत." मला वाटले, वाडवडिलांचे आहेत असे त्यांना म्हणायचे आहे. मी होकार दिला आणि फडके कपाटात ठेवले.

२०२१ साली आमच्याकडे पुतण्याचे लग्न निघाले. टाळेबंदीनंतरचे पहिलेच कार्य, तेव्हा सगळ्यांना हौस दाटून आलेली. जो तो मोबाईलवर नव्या घडणीचे दागिने पाही. मला घुंगरांचे, मीनाकाम केलेले रुंद पैंजण फार आवडले. गोठ काही आजकाल कोणी घालत नाही. हातात घालावे तर हात जड होतो, आणि बायका हसतील ते वेगळेच. खामगावला चांदीची पेठ मोठी, रजतनगरी म्हणतात तिला, तिथल्या चांदीचे नाव लांब लांब आहे. मी एस.टी.ने खामगाव गाठले आणि गोठ मोडीत घातले.

मोड घालणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, तरी मुलींसाठी सांगते. जुना दागिना दुकानात दिला की तो घासून किंवा यंत्राने त्याचा टंच पाहतात, म्हणजे शंभरात चांदी किती ते. सांध्याला लावलेली भेसळ, मळ, घट धरून वजन कमी करतात. नवा दागिना घेतला की त्यावर पुन्हा घडणावळ द्यायची. म्हणजे जुन्याची घडणावळ बुडाली आणि नव्याची अंगावर आली. त्यातून तोळाही आता पूर्वीचा राहिला नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आमच्या सासूबाई बावीस तोळे म्हणत ते जुने की नवे हेही मी कधी विचारले नव्हते. दुकानदाराचा यात काही दोष नाही, त्याने सगळा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. त्याने एवढेच विचारले, "बाई, नक्की मोडायचे ना? असे भरीव काम आता होत नाही." मी म्हटले, मोडा. त्याने माझ्यासमोर एका गोठावर छिन्नी ठेवून हातोडा घातला. आतली चांदी पाहायची असते. तो आवाज मला आजही येतो, पण त्या दिवशी मी काउंटरवरच्या आरशाखाली पाय धरून पैंजण पाहत होते.

लग्नात हळदीच्या दिवशी काकींनी मला विचारले, "गोठ नाही काढले वं? अशा कार्यालाच तर काढत होती बाई." मी मोठ्या हौसेने लुगड्याचा काठ उचलून पैंजण दाखवले आणि म्हणाले, "काकी, त्यांचेच केले!"

काकी काही बोलल्या नाहीत. तांदूळ निवडत होत्या, त्या तशाच निवडत राहिल्या.

आमची दोन घरे म्हणजे एकाच घराचे दोन भाग आहेत. १९८४ साली वाटण्या झाल्या, मधे भिंत घातली, पण भिंतीत एक दार ठेवले. त्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी आहे, आणि माझ्या लग्नापासून ती दिवसा कधी लागलेली मी पाहिली नव्हती. काकी चारच्या चहाला त्याच दाराने यायच्या. लग्नाचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी चहा ठेवला, तर काकी आल्या नाहीत. दार ढकलून पाहिले. पलीकडून कडी होती.

दोन वर्षे ती कडी होती. समोरासमोर आलो की बोलायच्या. सणाला पुरणपोळी यायची, पण पुढच्या दाराने यायची, परक्या घरी देतात तशी झाकून. मला राग यायचा. दोन गोठांसाठी एवढे काय, माझ्या सासूने मला दिलेले, मी काहीही करीन, असे मी बहिणीजवळ फोनवर बोलले. यजमानांनी दोनदा सांगितले, जाऊन विचार. मी गेले नाही.

२०२३ च्या श्रावणात त्या पैंजणाची कडी तुटली. दुकानात नेले तर म्हणाले, हलके काम आहे, डाग दिला तरी पुन्हा तुटेल, त्यापेक्षा मोड घाला. दोन वर्षे! जे गोठ माझ्या आजेसासूच्या हातात होते, त्यांची दोन वर्षांत दुसऱ्यांदा मोड व्हायची पाळी आली. मी तुटका पैंजण पिशवीत टाकून घरी आले आणि पुढच्या दाराने काकींकडे गेले. काय बोलावे ते सुचेना. पैंजण त्यांच्यापुढे ठेवला. काकी लुगड्यांची वाकळ शिवत बसल्या होत्या. पैंजणाकडे पाहून म्हणाल्या, "बस. आधी सुई ओव, मला दिसत नाही."

मी सुई ओवून दिली. मग त्यांनी सांगितले ते असे.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी थोरल्या बायकांनी पाहिला आहे. आधीचे सालही कोरडेच गेलेले. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे. ती खाल्ली की पोट दुखे, पण खाणार काय दुसरे? घरात बैलजोडी होती. चारा नाही. बैल विकले तर पाऊस पडल्यावर शेत कशाने वाहायचे? आजेसासूबाईंनी हातातले गोठ काढून सावकाराकडे गहाण ठेवले आणि कडबा आणला. घरात दोन सुना. थोरली म्हणजे माझ्या सासूबाई, सतरा वर्षांच्या. धाकटी म्हणजे काकी, पंधराच्या, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेले. सरकारने रस्त्याची कामे काढली होती. त्यातूनच रोजगार हमी आली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. या दोघी रोज कामावर जाऊन खडी फोडीत. कामावर सुकडी मिळे ती अर्धी खायची, अर्धी पदरात बांधून घरी आणायची. दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला काढून, पुढच्या पावसाळ्यानंतरही मजुरी करून, त्या दोघींनी सासूचे गोठ सोडवून आणले. काकींच्या डाव्या अंगठ्यावर हातोडा बसला होता. त्या नखावर आजही मधोमध उभी रेघ आहे. इतकी वर्षे मी ते नख पाहत होते. वाटायचे, वयाने तसे झाले असेल.

गोठ घरी आले तेव्हा आजेसासूबाई म्हणाल्या, हे आता माझे नाहीत, तुम्हा दोघींचे. वाटण्यांच्या वेळी भांडी वाटली, पेट्या वाटल्या, दोरीची बाज कोणाकडे यावरून पुरुष भांडले. पण एकेक गोठ वाटून घ्यायला या दोघी तयार झाल्या नाहीत. जोड फुटू नये, थोरलीकडे राहू दे, कार्याला जिला हवे तिने घालावे, असे तोंडी ठरले. कागद नाही, काही नाही. सदतीस वर्षे ते ठरलेले पाळले गेले, आणि मी एका दुपारी जाऊन मोडून आले.

"मग तुम्ही मला आधी सांगितले का नाही?" मी विचारले.

काकी म्हणाल्या, "तू विचारलं होतं काय?"

भगिनींनो, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दागिना मोडणे हे पाप नाही. आपल्या बायकांची चांदी मोडण्यासाठीच केलेली असते. ती आपली बँक. आजारपणाला, बियाण्याला, मुलीच्या फीला मोडली तर तिचे चीज झाले. मी गरजेला मोडले असते तर काकी स्वतः माझ्याबरोबर खामगावला आल्या असत्या, असे त्यांनीच मला सांगितले. मी कंटाळ्याला मोडले. आणि ज्यांचा त्यात वाटा होता त्यांना विचारले नाही, कारण वाटा असेल हे माझ्या मनातच आले नाही. दुकानातून आणलेली वस्तू एकटीची असते. ती मोडायला कोणाला विचारावे लागत नाही. पण तीस-चाळीस वर्षे घरात राहिलेल्या वस्तूत कोणाकोणाचे काय गुंतलेले असते ते कपाट उघडून कळत नाही.

२०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली तेव्हा ओळखीच्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमचे गोठ आज असते तर किती पैसे झाले असते!" तोही हिशेब आहेच. मोडीला पुन्हा गर्दी होऊ लागली आहे असे ऐकते. म्हणून तर आज हे सांगते आहे.

दरवर्षी १२ जानेवारीला आपण जिजाऊंच्या जन्मदिवशी सिंदखेडराजाला जातो. २०२४ च्या जून महिन्यात तिथे काय झाले ते पुष्कळ जणींनी वाचले असेल. लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम पुरातत्त्व खात्याने काढले होते. भोवतीची माती काढता काढता आधी जुन्या देवळाचे दगड लागले, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. विष्णू शेषावर पहुडलेले आणि लक्ष्मी पाय चेपते आहे. म्हणजे जुन्याची डागडुजी करायला गेले तर त्याच्याखाली आणखी जुने होते, आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आपल्या मेहकरचे शारंगधर बालाजीही असेच १८८८ साली खोदताना सापडले. अशा कामात दगड हलवण्याआधी त्याचे माप घेतात, फोटो काढतात, तो कुठे होता ते लिहून ठेवतात, मग हात लावतात. हे ऐकले तेव्हा मला माझे गोठ आठवले. मी त्यांचा एक फोटोसुद्धा काढला नव्हता. पैंजणाचे मात्र दुकानातच सहा काढले होते.

राजांच्या आणि देवांच्या जुन्या वस्तूंना सरकार आहे, पहारेकरी आहे, तारेचे कुंपण आहे. आपल्या घरातल्या घंगाळाला कोण आहे? आपणच. आणि भंगारवाल्याला बोलावणाऱ्याही आपणच.

यावर काही करता येते का ते मी आणि काकींनी करून पाहिले आहे. मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. दुपारी वाकळ शिवताना काकी एकेका वस्तूचे सांगतात आणि मी लिहिते. वस्तू कोणती, कोणी आणली, कोणाकडून आली, तिच्यात कोणाचा वाटा. काकींना सुई ओवायला त्रास होतो म्हणून आधी सात-आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवते, म्हणजे बोलणे मधे तुटत नाही. आतापर्यंत चौदा वस्तू लिहून झाल्या. त्यांतल्या पाच टाकून द्यायच्या असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले, कारण त्यांच्यामागे काही नव्हते, नुसता अडगळीचा मोह होता. ती लोखंडी खाट त्यांतलीच. पत्र्याची एक फुटकी बादली मात्र ठेवली. ती का ठेवली हे इथे सांगण्यासारखे नाही, पण काकी आता हसताहेत ते त्याच्यासाठी.

वाकळीचेही सांगते. तिच्यात सासूबाईंचे एक हिरवे नऊवारी आहे. ते मी बोहारणीला द्यायला काढले होते, दोन स्टीलच्या डब्यांवर सौदा ठरत आला होता. तेवढे काकींनी पुढच्या दारातून पाहिले आणि त्या न बोलण्याच्या दिवसांतही येऊन "हे मला दे" म्हणून घेऊन गेल्या होत्या. मी तेव्हा मनात म्हटले होते, काय ही हाव! आता त्या हिरव्या पट्ट्यावर माझा धावदोरा आहे आणि तो वाकडा जातो म्हणून रोज बोलणी खाते.

माझी सूचना एवढीच की दिवाळीच्या साफसफाईआधी मंडळातल्या प्रत्येकीने आपल्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या, एका वयस्कर बाईजवळ तासभर बसावे आणि अशी एक यादी करावी. वही नसेल तर कॅलेंडरच्या मागे लिहावे. ज्या बाईला कोणी विचारायला येत नाही तिच्याकडे आधी जावे. त्यांना आठवत नाही असे आपण समजतो. आमच्या काकींना १९७२ साली कडब्याची पेंढी कितीला होती ते आठवते.

गोठ परत येणार नाहीत. काकींनी मला क्षमा केली का, हे मी विचारलेले नाही. आमच्यात तसे विचारण्याची पद्धत नाही. तुटका पैंजण मी मोडीत घातलेला नाही. तो त्याच फडक्यात बांधून ठेवला आहे आणि वहीत त्याच्यापुढे काकींचे आणि माझे अशी दोन नावे लिहिली आहेत.

सध्या पंधराव्या वस्तूवर आमचे अडले आहे. ते पितळी घंगाळ. काकी म्हणतात, ते त्यांच्या माहेरून आले, त्यांच्या बापाने लग्नात दिले. जालन्याच्या नणंदबाई फोनवर म्हणतात, मुळीच नाही, ते आमच्या आईचे, त्यावर आईचे नाव टाकलेले होते. मी चिंच लावून घासून पाहिले. नावासारखे काहीतरी आहे, पण पहिले अक्षर झिजले आहे. नणंदबाई दिवाळीला येणार आहेत, चष्मा घेऊन. तोवर काकींनी ती जागा वहीत कोरी सोडायला सांगितली आहे, आणि मधल्या दाराची कडी काढून ठेवली आहे, कारण घंगाळ दोघींकडच्या उजेडात पाहावे लागणार आहे.